चुकीचे आर्ग्युमेंट दिले तरी ‘आर’ उत्तर देते

संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेत मीन(१०, २०, ३०) असे लिहून पाहा. सरासरी २० यायला हवी, येते १०. एरर नाही की वॉर्निंग नाही. मीन या फंक्शनला सगळे आकडे एकाच व्हेक्टरमध्ये बांधून हवे असतात. तसे न केल्यामुळे पहिल्या जागी एकटा १० गेला. २० गेले ‘टोकांचे किती आकडे कापायचे’ हे सांगण्याच्या जागी आणि ३० गेले ‘गहाळ नोंदी वगळायच्या का’ हे सांगण्याच्या जागी. सम(१०, २०, ३०) मात्र बिनचूक ६० देते. तेव्हा शिकणाऱ्याने मीनकडूनही तीच अपेक्षा ठेवली, तर दोष त्याचा नाही.

‘भलतेच काही दिले तर भाषा आपणहून अडवेल’ हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. आरचे मूळ ‘एस’ या भाषेत आहे. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तिचे काम सुरू केले. पुढे ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर घडवली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती आली. एक ओळ लिहायची, उत्तर बघायचे, मग पुढची ओळ, अशा कामासाठी ही परंपरा तयार झाली. त्यामुळे जमेल तिथे रूपांतर करून उत्तर देण्याकडे तिचा कल आहे. साध्या फंक्शनमध्ये ‘इथे आकडाच हवा’ असे जाहीर करण्याची सोयच नाही. समोर माणूस बसलेला असेल तर विचित्र उत्तर त्याला खटकते. तेच फंक्शन रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गेले की खटकायला कोणी नसते.

आर्ग्युमेंटच्या नावात चूक झाली तर तरी कळेल, असेही अनेकांना वाटते. सममध्ये गहाळ नोंदी वगळण्यासाठी एनए.आरएम = ट्रू लिहितात. घाईत ते एनए.एमआर झाले, तर १० आणि २० या दोन आकड्यांची बेरीज ३१ येते. ओळखू न आलेले नाव समने बेरजेत घेतले आणि ट्रू म्हणजे १ धरला. तीन टिंबांचे आर्ग्युमेंट ठेवणाऱ्या फंक्शन्समध्ये हा धोका कायम असतो.

पडताळणी करायला हवी हे पटलेले लोक बहुधा स्टॉपइफनॉट हे फंक्शन वापरतात. दिलेली अट खरी नसेल तर ते काम थांबवते. चांगले साधन आहे, पण पावसाच्या आकड्यांसाठी ‘स्टॉपइफनॉट(पाऊस > ०) लिहिले की झाले’ हा समज फोल आहे. या ओळीला रिकामा व्हेक्टर द्या, ती त्याला सोडते. तुलना करायला एकही आकडा नसला की निकालही रिकामा येतो, आणि रिकाम्या निकालात खोटे काहीच नाही म्हणून आर ‘सगळे खरे’ असे मानते. आता तिला अवतरणातला "१५" द्या. शून्याचेही अक्षरांत रूपांतर होते, अक्षरांची तुलना होते आणि हाही सुटतो. इतकेच काय, "नोंद नाही" हे शब्दसुद्धा ‘शून्यापेक्षा मोठे’ ठरतात, कारण क्रमवारीत अक्षरे अंकांनंतर येतात. अडते ते गहाळ मूल्य, म्हणजे एनए. पावसाच्या आकडेवारीत तेच सर्वांत स्वाभाविक असते, आणि कोरड्या दिवसाचा शून्यही या अटीत बसत नाही. म्हणजे खरी नोंद बाहेर राहिली आणि खोटी आत आली.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्रकार तपासा, मग लांबी, आणि शेवटी मूल्य. स्टॉपइफनॉट अटी एकामागून एक तपासते आणि पहिल्या चुकीलाच थांबते, त्यामुळे हा क्रम त्याला मानवतो. आवृत्ती ४.०.० पासून प्रत्येक अटीला नाव देता येते आणि तेच नाव एरर म्हणून दिसते. ‘पाऊस ऋण असू शकत नाही’ असे मराठीत लिहिले तरी चालते. मात्र एखाद्या केंद्राची महिनाभराची नोंद पूर्ण गहाळ असेल, तर फाइल वाचताना आर तो रकाना तार्किक प्रकारचा धरते आणि ‘आकडाच हवा’ ही अट त्यालाही नाकारते. गहाळ नोंद ही चूक नव्हे. ती स्वीकारायची की नाही, हे फंक्शन लिहिणाऱ्याने ठरवून स्पष्ट लिहावे.

फंक्शन बोलावताक्षणी सगळी आर्ग्युमेंट्स तपासली जातात, हेही खरे नाही. आर आळशी मूल्यमापन करते. आर्ग्युमेंट प्रत्यक्ष वापरले जाईपर्यंत ते उलगडतच नाही. एखाद्या क्वचित लागणाऱ्या फाट्यातच ते वापरले जात असेल, तर चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. पडताळणी फंक्शनच्या पहिल्या ओळींत हवी, ती यासाठी.

ठरावीक पर्यायांपैकी एक निवडायचा असेल तिथे मॅच.आर्ग वापरावे. ते चुकीचा पर्याय नाकारते आणि योग्य पर्याय कोणते तेही सांगते.

‘तपासण्यांनी कोड मंदावतो’ ही तक्रार मला फारशी पटत नाही. लाखभर आकड्यांचा व्हेक्टर एकदा आत येतो आणि त्याचा प्रकार व लांबी तपासायला नगण्य वेळ लागतो. वेग खरेच महत्त्वाचा असेल, तर मिशेल लांग यांचे चेकमेट हे पॅकेज आहे. त्यातल्या बहुतेक तपासण्या सी भाषेत लिहिलेल्या आहेत. लूपच्या आत पुन्हा पुन्हा तपासणे मात्र टाळावे. वापरणारा जिथून आत येतो, त्या दारावर एकदा तपासले की पुरे.

तुम्ही रोज वापरता ते एखादे स्वतःचे फंक्शन आज उघडा. त्याला रिकामा व्हेक्टर द्या, अवतरणातला आकडा द्या, एनए द्या आणि एका आर्ग्युमेंटचे नाव मुद्दाम चुकवा. जिथे नको असताना उत्तर मिळेल, तिथे पडताळणीची ओळ लगेच लिहा.