उज्जैनचे बारा कधी वाजतात?

उज्जैनच्या वेधशाळेत सम्राटयंत्रापाशी थोडा वेळ उभे राहिले, तरी एक प्रश्न कानावर येतो. एखादी शाळकरी मुलगी, नाहीतर महाकालाचे दर्शन आटोपून आलेले गृहस्थ दगडी चापावरची सावली वाचतात, मनगटाकडे पाहतात आणि विचारतात, "हे घड्याळ मागे कसं?" २१ जूनला सावलीत बारा वाजतात, तेव्हा मोबाइल १२ वाजून २८ मिनिटे दाखवत असतो.

"जुनं यंत्र आहे, तेवढं चालायचंच," असे उत्तर देऊन पुढे जाणे सोपे असते. मला ते उत्तर सहन होत नाही. ते चूक तर आहेच, शिवाय नीट पाहून नीट विचारणाऱ्या माणसाला ते रिकाम्या हाताने परत पाठवते. यंत्र बरोबर आहे, मोबाइलही बरोबर आहे आणि मधल्या २८ मिनिटांचा हिशेब गुणाकार-भागाकार येणाऱ्या मुलाला करता येतो. फक्त तो एका दमात सांगायचा नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. सम्राटयंत्र म्हणजे मध्ये एक तिरकी भिंत आणि तिच्या पूर्वेला-पश्चिमेला एकेक चाप. भिंतीची वरची कड क्षितिजाशी सुमारे २३ अंश ११ कलांचा कोन करते. तेवढाच उज्जैनचा अक्षांश, आणि तेवढ्याच उंचीवर इथून ध्रुव दिसतो. म्हणून ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर झाली. सूर्य या आसाभोवती तासाला १५ अंश फिरताना दिसतो, त्यामुळे कडेची सावली चापावरून सारख्या वेळात सारखेच अंतर सरकते. अंगणात उभी काठी रोवली तर असे होत नाही. तिची सावली कधी भरभर फिरते, कधी रेंगाळते. भिंतीला तिरके करण्यात सगळी करामत आहे, आणि मुलांना ही गोष्ट बोटाने ध्रुवाची दिशा दाखवून सांगितली की ती विसरत नाहीत.

आता पहिला फरक. सावली सांगते ती उज्जैनची स्वतःची वेळ. मोबाइल सांगतो ती भारताची प्रमाणवेळ, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० कला रेखांशावरची. उज्जैन आहे ७५ अंश ४६ कलांवर. वजाबाकी केली की ६ अंश ४४ कला उरतात. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात आणि एक कला फिरायला ४ सेकंद. सहा चोक चोवीस मिनिटे. ४४ चोक १७६ सेकंद, म्हणजे २ मिनिटे ५६ सेकंद. एकूण २६ मिनिटे ५६ सेकंद. सूर्य मिर्झापूरच्या डोक्यावरून उज्जैनच्या माथ्याशी यायला एवढा वेळ घेतो. पंचांगवाले याला देशांतर म्हणतात. सिद्धान्तग्रंथांत लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा उज्जैनवरूनच मानली होती आणि इतर गावे आपले देशांतर इथून मोजत. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली आणि खुद्द उज्जैनलाही देशांतर जोडणे आले.

पण २७ मिनिटांनी २८ होत नाहीत. इथे चौकस मुले अडून बसतात, आणि त्यांनी बसावेच.

उरलेल्याला वेलांतर म्हणतात आणि ते जरा सावकाश घ्यावे लागते. पृथ्वी स्वतःभोवती पूर्ण फेरी २३ तास ५६ मिनिटांत मारते. पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीही सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी साधारण ४ मिनिटे फिरावे लागते. हा "एक अंश" मात्र रोज सारखा नसतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते. जुलैत ती लांब असते आणि मंदावते. शिवाय आस कललेला आहे. त्यामुळे मार्च-सप्टेंबरात सूर्याच्या चालीचा काही भाग उत्तर-दक्षिण सरकण्यात जातो, तर जून-डिसेंबरात जवळजवळ सगळी चाल पूर्वेकडे असते. घड्याळ मात्र वर्षाची सरासरी धरून चालते. सूर्य कधी तिच्या पुढे असतो, कधी मागे.

२१ जूनला तो सुमारे पावणेदोन मिनिटे मागे असतो. २६ मिनिटे ५६ सेकंदांत ती मिळवा, १२ वाजून २८ मिनिटे आणि वर काही सेकंद झाले. फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास सूर्य १४ मिनिटे मागे पडतो आणि उज्जैनची दुपार १२ वाजून ४१ मिनिटांवर जाते. नोव्हेंबरच्या आरंभी तो १६ मिनिटांहून अधिक पुढे असतो. तेव्हा १२ वाजून १० मिनिटांनंतर लगेच माध्यान्ह होते. वेधशाळेत तारखांप्रमाणे किती मिनिटे मिळवायची याचा तक्ता लावलेला आहे, त्यातले आकडे या दोन हिशेबांचेच आहेत. मी तक्ता शेवटी दाखवतो. आधी दाखवला की प्रश्न संपतो आणि गणित राहून जाते.

या यंत्रांची पडझड झाली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये त्यांची दुरुस्ती करवली. ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे इथले अधीक्षक होते आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली इथले शंकुयंत्र उभे राहिले. गोल चौथरा आणि मध्ये उभा शंकू, एवढेच ते. २१ जूनच्या माध्यान्ही शंकूची सावली नाहीशी होते आणि पाहायला गर्दी जमते. त्या दिवशी सूर्य २३ अंश २६ कलांवर असतो, उज्जैनच्या माथ्यापासून फक्त १५ कला उत्तरेला. सूर्यबिंबाचा व्यासच अर्ध्या अंशाचा, म्हणजे माथ्याचा बिंदू बिंबाच्या कडेशी येतो. सावली दिसणार कुठून? काटेकोर शून्य सावली त्याच्या आठ-नऊ दिवस आधी आणि तितक्याच दिवसांनंतर येते.

हा शंकू घरीही करता येतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सावलीच्या गणितांचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात शंकू १२ अंगुलांचा धरलेला आहे. तेवढी काठी, किंवा १२ सेंटिमीटरची पेन्सिल, २१ मार्चला सपाट जमिनीवर ओळंब्याने उभी करा. आपल्या गावचे देशांतर काढा: पुण्याला साधारण ३५ मिनिटे, मुंबईला ३९, नागपूरला १४. त्यात त्या दिवसाचे वेलांतर, सुमारे ७ मिनिटे, मिळवा आणि घड्याळात बारानंतर तेवढी मिनिटे झाली की सावली मोजा. हिला पलभा म्हणतात. उज्जैनला ती पाचाहून किंचित जास्त भरते, पुण्यात जवळजवळ नेमकी चार. सावलीला बाराने भागून मिळणारा आकडा स्पर्शकोष्टकात शोधला की समोर येतो तो आपल्या गावचा अक्षांश.