पावाची भट्टी आणि आपला श्वास

अंधेरी, घाटकोपरसारख्या उपनगरांत पहाटेचा पाव अनेक बेकऱ्यांतून वर्षानुवर्षे लाकडाच्या भट्टीत भाजला गेला. भंगारातील रंगवलेले लाकूड स्वस्त पडते. त्याचा धूर मात्र अधिक विषारी असतो. त्यातील २.५ मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम तिसावा भाग, नाकात अडत नाहीत. ते फुप्फुसांत खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकारही बळावतो. हिवाळ्यात वारा मंदावला की हा धूर वस्तीवरच साचतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधन स्वीकारण्यास फर्माविले. लहान बेकरीवाल्यास हा खर्च जड, हे खरेच. परंतु रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा कामगार हाच धूर सर्वांआधी घेतो.