पंगतीतून उभे राहिलेले काम

तालुक्याच्या गावी रोटरी क्लबची बैठक भरते ती बहुधा मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये. गळ्यात कॉलर घातलेले अध्यक्ष घंटेवर टोला देतात आणि सभा सुरू होते. सेक्रेटरी सूचना वाचतात, त्या आठवड्यातले वाढदिवस जाहीर होतात, पाहुणे वक्ते कधी मधुमेहावर बोलतात तर कधी द्राक्षांच्या निर्यातीवर. मग जेवण. या गप्पांना आणि जेवणाला क्लबात ‘फेलोशिप’ म्हणतात, आणि बाहेरच्यांचा राग नेमका त्यावरच असतो. एवढे जेवणारी मंडळी सेवा कधी करणार?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र रोटरीच्या जन्मकथेतच आहे, कारण इथे मैत्री आधी आली आणि सेवा मागाहून.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले. बोलावणारा पॉल हॅरिस वकील होता. बाकीच्यांत एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक कपड्यांचा. हॅरिस लहानाचा मोठा झाला व्हरमाँटच्या खेड्यात. लाखोंच्या शहरात ओळखी पुष्कळ, पण जिवाभावाचे कोणी नाही, ही त्याची खंत होती. बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, म्हणून नाव पडले रोटरी. सुरुवातीला हेतू एवढाच, की एकमेकांना भेटावे आणि एकमेकांचा धंदा वाढवावा.

सेवेचे पहिले सार्वजनिक काम १९०७ मध्ये हाती घेतले, तेही शौचालयाचे. शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय हवे, असा आग्रह क्लबने धरला. विरोध झाला तो दारूच्या गुत्त्यांच्या आणि मोठ्या दुकानांच्या बाजूने, कारण तोवर लोकांना अडल्यावेळी त्यांच्याच दारात जावे लागे आणि गेल्यावर काहीतरी खरेदीही होई. क्लबने चिकाटी सोडली नाही. शौचालय झाले.

एक जुना नियम या यंत्राचे मर्म सांगतो. प्रत्येक व्यवसायातून एकच सदस्य घ्यायचा. हा नियम पुढे पुष्कळ सैल झाला, पण क्लबचा साचा त्यानेच घडवला. गावच्या क्लबात एकाच टेबलावर डोळ्यांचे डॉक्टर, सिव्हिल इंजिनियर, सिमेंटचे डीलर, सीए आणि शाळेचे मुख्याध्यापक बसतात. ओढ्यावर बंधारा घालायचा ठरला की आराखडा एकाचा, सिमेंट दुसऱ्याकडून, हिशेब तिसऱ्याकडे. शिवाय हिशेब पाहणारा आराखडेवाल्याला वीस वर्षे ओळखत असतो. निविदा काढून असा विश्वास मिळत नाही. दर आठवड्याच्या पंगतीत तो साठत जातो.

दुसरा नियम मुदतीचा. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. क्लबच्या अध्यक्षापासून जागतिक अध्यक्षापर्यंत साऱ्यांची कारकीर्द साधारणपणे एकाच वर्षाची. खुर्चीला कोणी चिकटत नाही, हा मोठा फायदा. तोटाही तेवढाच खरा. नव्या अध्यक्षाला नवे काही करून दाखवायचे असते आणि गेल्या वर्षीची झाडे पाण्यावाचून वाळतात. फलक आणि फोटो यांपुरते उरलेले प्रकल्प याच घाईतून जन्मतात.

म्हणूनच पोलिओचे काम विलक्षण वाटते. एकेका वर्षाच्या अध्यक्षांनी ते चार दशकांहून अधिक काळ हातचे सुटू दिलेले नाही. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या सुमारे ६० लाख बालकांना लस देण्यापासून सुरुवात झाली. १९८५ मध्ये ‘पोलिओ प्लस’ मोहीम जाहीर झाली. लक्ष्य १२ कोटी डॉलर्सचे होते. १९८८ पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख. त्या सुमारास जगात दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना, बहुतेक लहान मुलांना, पोलिओ होत होता.

भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. श्रेय सर्वांत आधी अंगणवाडी सेविका, आशा आणि सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांचे. त्यांच्या पायपिटीशिवाय काहीच झाले नसते. रोटेरियन मंडळींनी त्यांच्या बाजूने उभे राहून बूथ मांडले, गाड्या दिल्या, मुलांना टोप्या आणि शिट्ट्या वाटल्या, आयांना समजावले. उत्तर प्रदेशात लसीबद्दल अफवा पसरल्या तेव्हा रोटरीने मौलवींना सोबत घेतले. लस घेतलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण व्हायची. ज्या घरातले मूल राहून गेले, त्या दारावर खडूने फुली पडायची आणि तिथे पुन्हा जायचे.

२००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, जगातल्या जवळजवळ निम्मे. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये फक्त एक, जानेवारीत, हावडा जिल्ह्यात. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत भारताचे नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून निघाले, तेव्हा रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते वापीचे कल्याण बॅनर्जी. २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

या इतिहासावर एक डाग आहे आणि तो झाकू नये. ८० हून अधिक वर्षे रोटरीत स्त्रियांना सदस्यत्व नव्हते. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना घेतले, तर त्या क्लबचीच मान्यता काढली गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, १९८९ मध्ये नियम बदलला, आणि पहिली महिला जागतिक अध्यक्ष यायला २०२२ उजाडले. सेवेची भाषा बोलणाऱ्या संस्थेला हे फार उशिरा सुचले.

भारतात रोटरी १९१९-२० मध्ये कोलकात्यात आली, मुंबईत १९२९ मध्ये. आपल्याकडचा ३१७० क्रमांकाचा डिस्ट्रिक्ट मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर, रत्नागिरी, गोवा, बेळगाव आणि हुबळी त्यात एकत्र नांदतात. सीमावादाने ज्या गावांना इतकी वर्षे ताणले, तिथले लोक डिस्ट्रिक्टच्या परिषदेत शेजारी बसून रक्तपेढी नि डायलिसिस यंत्रांच्या गोष्टी करतात.

क्लबचे सदस्यत्व आमंत्रणाने मिळते, पण पाहुणा म्हणून बैठकीला जाता येते. वाचकांनी आपल्या गावच्या क्लबात एकदा जावे. जेवावेही. आणि उठण्यापूर्वी अध्यक्षांना विचारावे, की गेल्या वर्षी लावलेल्या झाडांना यंदा पाणी कोण घालते.