असं का? : विश्व सपाट की वाकडं?

दिल्लीतल्या करोल बागेत सांगली जिल्ह्यातून आलेली मराठी माणसं सोनं-चांदी गाळण्याचं, म्हणजे गलाईचं काम करतात. तिथल्या एखाद्या सपाट पत्र्यावर त्रिकोण काढला, तर कोनांची बेरीज १८० अंश भरते. वाटीच्या फुगीर पाठीवर ती वाढते, घोड्याच्या खोगिरावर घटते.

म्हणजे नुसते कोन मोजून आकार कळतो!

विश्वाबाहेर उभं राहून त्याच्याकडे पाहता येत नाही, म्हणून खगोलशास्त्रज्ञही हेच करतात. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात पृथ्वीवर पोहोचतो. त्यातल्या उष्ण-थंड ठिपक्यांचा मूळ आकार गणिताने काढता येतो. तो झाला त्रिकोणाचा पाया. उरलेल्या दोन बाजू म्हणजे प्रकाशाची वाट. अवकाश सपाट असेल, तर ठिपका साधारण १ अंशाचा दिसायला हवा. फुगीर असेल तर मोठा, खोगिरासारखं असेल तर लहान. २००९ साली झेपावलेल्या प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार विश्व जवळजवळ सपाटच आहे.

पण सपाट म्हणजे अनंतच, असं नाही. तोच पत्रा न ताणता वळवून कडं केलं, तरी त्यावरच्या त्रिकोणाची बेरीज १८०च राहते. कड्याभोवती सरळ चालणारी मुंगी मात्र मूळ जागी परतते. विश्व असं वळलेलं असेल, तर आकाशात एकच नक्षी दोनदा दिसू शकेल. शोध घेऊनही ती अजून सापडलेली नाही.