ड्रॉइंग बरोबर, माल मात्र चुकीचा

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील समुद्रपूर तालुक्यातील जाम हे चौफुलीचे गाव. चंद्रपूरचा रस्ता येथूनच फुटतो. अशा गावात गेट, ग्रील, जाळी, फर्निचर करणाऱ्या कारागिराला आता सर्व काम स्वतःच्या हाताने करावे लागत नाही. नक्षीची जाळी संगणकावर काढून घ्यायची, फाइल मोबाइलवरून नागपूरच्या लेसर कटिंगवाल्याकडे पाठवायची आणि कापलेला पत्रा आणून चौकटीत बसवायचा. वेळ वाचतो, काम साफ होते. परंतु चार फुटांची जाळी काडेपेटीएवढी होऊन समोर आली, तर दोष कोणाचा? आणि पत्रा कापून झाल्यावर हे कळले तर पैसे कोणी भरायचे?

ही भानगड समजून घेण्यासारखी आहे. ऑटोकॅडमधून दुसऱ्या प्रोग्राममध्ये ड्रॉइंग नेण्यासाठी बहुधा डीएक्सएफ फाइल वापरतात. ऑटोडेस्क कंपनीने ती 1982 साली ऑटोकॅडबरोबरच आणली. या फाइलीत रेषेची लांबी फक्त आकड्यात असते. रेषा 48 आहे एवढे फाइल सांगते. 48 इंच की 48 मिलिमीटर, हे सांगेलच असे नाही. नंतरच्या आवृत्त्यांत एकक नोंदवण्याची जागा झाली, पण कित्येक प्रोग्राम ती भरत नाहीत आणि कित्येक ती वाचत नाहीत. कोरल ड्रॉमध्ये फाइल आणताना एक आकडा म्हणजे एक इंच धरायचा की एक मिलिमीटर, हे निवडावे लागते. घाईत तेथे भलतेच निवडले जाते.

चूक किती पटीची आहे यावरून तिचे मूळ ओळखता येते. माल 25.4 पट मोठा किंवा लहान दिसला तर इंच-मिलिमीटरचा घोळ. 304.8 पट असेल तर फूट आणि मिलिमीटर. दहा पट असेल तर सेंटिमीटर. एसव्हीजी फाइलीत 300 मिलिमीटरचे 225 झाले, म्हणजे बरोबर पाऊणपट, तर एका प्रोग्रामने इंचाला 72 ठिपके धरले आणि दुसऱ्याने 96.

या मोठ्या चुका निदान डोळ्यांना दिसतात. खरे नुकसान लहान चुका करतात. आपला कारागीर अजूनही इंच-सुतात बोलतो, आणि त्यात वावगे काही नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. पण हिशोब सोपा जावा म्हणून फुटाला 300 मिलिमीटर धरले, तर चार फुटांत 19.2 मिलिमीटर, म्हणजे सहा सूत कमी पडतात. पाऊण इंच सैल जाळी चौकटीत बसायची कशी? फूट म्हणजे 304.8 मिलिमीटर, यात सूट नाही. अमेरिकेच्या नासाचे मंगळाकडे पाठवलेले एक यान 1999 साली अशाच कारणाने गेले. एका गटाने आकडे पौंडात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. मग आपल्या पत्र्याची काय कथा!

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. ड्रॉइंगच्या बाजूला 100 मिलिमीटर लांब, 100 मिलिमीटर रुंद असा चौकोन काढावा आणि ‘100 मिमी, कापू नये’ असे लिहावे. कटिंगवाल्याने फाइल उघडताच प्रथम तो चौकोन मोजावा. शंभर भरला तर सर्व ठीक. न भरल्यास ऑटोकॅडमध्ये चौकोनासकट सर्व ड्रॉइंग निवडून स्केल कमांडमधील रेफरन्स वापरावा, चौकोनाच्या एका बाजूची दोन टोके दाखवावी आणि 100 टाइप करावे. सर्व ड्रॉइंग एकाच प्रमाणात जागेवर येते. अंदाजाने ओढून-ताणून जुळवू नये.

ड्रॉइंग नेहमी खऱ्या मापाचेच काढावे. लहान प्रमाण फक्त कागदावर छापण्यासाठी असते. छापील कागदावर पट्टी ठेवून माप घेण्याची सवयही सोडावी, कारण प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र थोडे आखडतो. ड्रॉइंगवर लिहिलेल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कोणी तो हाताने टाइप केलेला असेल तर रेषा बदलली तरी आकडा तोच राहतो, आणि यंत्र आकडा वाचत नाही, रेषेवर चालते.

कटिंगवाला फाइलीप्रमाणे कापतो. तंटा झाला तर तो फाइलच दाखवणार. म्हणून एकूण लांबी-रुंदी, पत्र्याची जाडी आणि नगांची संख्या मिलिमीटरच्या हिशोबाने एका चिठ्ठीवर लिहून फाइलीबरोबर द्यावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी, आणि एक प्रत आपल्या दुकानात ठेवावी.