मुलाच्या नावावरची ठेव आणि आईबापाचा आयकर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मुलाबाळांच्या नावाने काही ना काही पैसा ठेवलेला असतो. आजोबांनी निवृत्तीच्या रकमेतून नातीच्या नावे ठेव केलेली असते. आत्याने नामकरणाला दिलेले पैसे पोस्टात असतात. नाहीतर आईने घरखर्चातून चार पैसे वाचवून बँकेत मुलाचे खाते काढलेले असते. हा पैसा म्हणजे उद्याची कॉलेजची फी, पुस्तके, वसतिगृहाचा खर्च. पण त्यावर मिळणारे व्याज कायद्याने कोणाचे धरले जाते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. "मुलाच्या नावाने ठेवा, टॅक्सची भानगडच नाही," असे एजंट सांगतो आणि आपण मान डोलावतो. म्हणून हा विषय आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नियम काय आहे?

१८ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचे उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते. दोघांपैकी ज्याचे स्वतःचे उत्पन्न जास्त, त्याच्या हिशेबात ते धरायचे. आई नर्स असून तिचा पगार वडिलांपेक्षा अधिक असेल, तर मुलाचे व्याज आईच्या विवरणपत्रात जाईल. पतिपत्नी कायद्याने विभक्त झाले असतील, तर त्या वर्षी जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्याकडे. दत्तक आणि सावत्र मुलांनाही हाच नियम आहे.

पूर्वी असे नव्हते. आईवडिलांनी स्वतः मुलाच्या नावे केलेल्या पैशाचे उत्पन्न त्यांच्याकडे धरले जाई, पण आजोबांनी दिलेल्या पैशाचे व्याज मुलाचे स्वतंत्र मानले जाई. श्रीमंत घराण्यांनी आपली मिळकत मुलांच्या नावांवर वाटून कर चुकवण्याची वाट काढली होती. १९९२ च्या अर्थसंकल्पात ती वाट बंद करण्यात आली आणि पैसा कोणीही दिला असो, उत्पन्न आईबापाचेच, असे ठरले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा आहे. त्यातही हे तत्त्व कायम ठेवले आहे.

स्वतःच्या कष्टाची कमाई मुलाचीच

या नियमाला महत्त्वाचा अपवाद आहे. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने, कलेने किंवा कौशल्याने मिळवलेले पैसे त्याचेच राहतात. समजा, तेरा वर्षांची मुलगी गाण्याच्या कार्यक्रमांत गाते आणि वर्षाला तिला ६०,००० रुपये मानधन मिळते. हे मानधन आईबापाच्या उत्पन्नात मिळवायचे नाही. मात्र त्याच पैशाची तिच्या नावे ठेव केली, तर त्या ठेवीचे व्याज पुन्हा आईबापाकडे येते. मानधन तिचे, व्याज मात्र तुमचे! इथेच पुष्कळांची गफलत होते.

याचा अर्थ मुलांना कामाला जुंपावे असा कोणी घेऊ नये. १४ वर्षांखालील मुलांना नोकरीस ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीने संपूर्ण बंद झाले आहे. शाळा न बुडवता कलावंत म्हणून काम करण्यास किंवा घरच्या व्यवसायात हातभार लावण्यास तेवढी मुभा आहे, तीही अटींवर.

दुसरा अपवाद अपंग मुलांचा. कायद्यात सांगितलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जपून ठेवावे. आईवडील दोघेही हयात नसतील, तर काकाने किंवा मामाने पालक म्हणून ते उत्पन्न स्वतःत मिळवायचे नाही. ते मुलाचे स्वतंत्र धरले जाते.

शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. सुकन्या समृद्धी आणि पी.पी.एफ. यांचे व्याजही करमुक्त आहे. आजी-आजोबा, मामा, आत्या यांनी दिलेल्या भेटीवर कर नाही. पण नात्याबाहेरच्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली, तर ती सगळी रक्कम उत्पन्न ठरते. वाढदिवसाची भेट म्हणून सूट मिळत नाही.

आपल्याला याचा काय संबंध?

"आम्हाला कुठे कर लागतो?" असे अनेकजण म्हणतील. बरोबर आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे कर शून्य होतो. पण कर नसणे वेगळे आणि विवरणपत्र न भरणे वेगळे. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते.

एक उदाहरण घेऊ. वडील कामगार आहेत. प्रमाणित वजावट गेल्यावर त्यांचे उत्पन्न ३,९०,००० रुपये. मुलाच्या नावे २ लाखांची ठेव, ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १४,०००. बेरीज ४,०४,०००. कर एक पैसाही नाही, पण विवरणपत्र सक्तीचे झाले. मुदत टळल्यावर भरले, तर ५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास १,००० रुपये विलंबशुल्क पडते. जुनी करपद्धती निवडणाऱ्यास दर मुलामागे १,५०० रुपयांपर्यंत सूट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

एप्रिल २०२५ पासून एका बँकेत वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांवर गेले की बँक आधीच कर कापते. मुलाच्या ठेवीवर असा कर कापला गेला, तर ठेव कोणत्या पालकाच्या हिशेबात आहे ते बँकेला लेखी कळवून पालकाचा पॅन द्यावा. म्हणजे कापलेली रक्कम पालकाला परत मागता येते. मुलाच्या मानधनातून कर कापला असेल, तर मात्र मुलाच्या नावाने पालकाने विवरणपत्र भरून तो परत मागावा. हा घामाचा पैसा आहे, तो सोडून देऊ नये.

मुलगा १८ वर्षांचा झाला की त्या तारखेनंतरचे उत्पन्न त्याचे. तो शिकत असला, तुमच्याच ताटात जेवत असला, तरी कायदा वय पाहतो. त्या वर्षी वाढदिवसाच्या आधीचे व्याज पालकाकडे आणि नंतरचे मुलाकडे अशी विभागणी करावी. बँकेत जाऊन खाते त्याच्या सहीवर करून घ्यावे.

मुलांच्या नावे ठेव करणे चांगलेच आहे, ते थांबवू नका. फक्त एका वहीत ठेवीची रक्कम, तारीख, कोणी दिली आणि वर्षाचे व्याज किती, एवढे लिहून ठेवा. विवरणपत्राची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. त्याआधी ती वही घेऊन आपल्यातल्याच एखाद्या जाणत्या कारकुनाकडे किंवा शिकलेल्या मुलीकडे बसा. एका संध्याकाळचे काम आहे.