पारा कुणी पाहिला?

३० मे २०२४. नागपुरात नवतपा सुरू होता, रस्ते दुपारी ओस पडलेले होते, आणि फोनाफोनांवर एक आकडा फिरत होता : ५६ अंश सेल्सिअस. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तो दाखवला होता. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली होती, त्यामुळे लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला नाही. नागपूरकरांना तर उन्हाच्या बाबतीत काहीही खरं वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण शहराच्या आसपासची इतर केंद्रं त्याच दुपारी ४४ च्या घरात होती. हवामान खात्याने खुलासा केला : संवेदक बिघडला आहे. मुंगेशपूरचाही आकडा सुमारे तीन अंशांनी चढा निघाला.

नागपूरचा आकडा खरा निघता, तर जगातल्या सर्वोच्च तापमानाच्या नोंदीपासून तो अवघा ०.७ अंश दूर असता. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘जगातील सर्वांत उष्ण, सर्वांत थंड, सर्वांत ओले’ अशा याद्या असतात. त्या पाठ करताना वाटतं, हे निसर्गाचे विक्रम. खरं तर त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक उपकरण असतं, ते वाचणारा माणूस असतो, एक नोंदवही असते, आणि अलीकडे एक समितीही असते. या चौघांपैकी एक जरी डळमळला तरी विक्रम कोसळतो.

असा सर्वांत मोठा कोसळलेला विक्रम लिबियातला.

ट्रिपोलीच्या नैऋत्येला साधारण ४० किलोमीटरवर अल अझीझिया नावाचं गाव आहे. १९२२ साली तिथे इटालियन लष्कराचं ठाणं होतं आणि ठाण्यात हवामानाची नोंद ठेवली जाई. १३ सप्टेंबर १९२२ च्या रकान्यात आकडा पडला ५८ अंश. पुढची ९० वर्षं जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांनी तो छापला. शंका घेणारे होते, पण मूळ कागद कुणी पाहिला नव्हता. जागतिक हवामान संघटनेने अखेर चौकशी समिती नेमली, तेव्हा लिबियाच्या हवामान केंद्रातले खालिद अल फदली यांनी दप्तरातून तो मूळ तक्ता शोधून काढला. तोवर २०११ उजाडलं आणि लिबियात क्रांती पेटली. अल फदली यांचा काही महिने बाहेरच्या सहकाऱ्यांशी संपर्कच नव्हता. ते सुखरूप आहेत हे कळल्यावर काम पुन्हा सुरू झालं.

तक्त्यात काय दिसलं? ११ सप्टेंबरपासून अक्षर बदललं होतं. म्हणजे नोंद घेणारा माणूस नवा होता. या नवख्याने कमाल आणि किमान तापमानाचे आकडे उलटसुलट रकान्यांत भरले होते. शिवाय नेहमीचा तापमापक बिघडल्यामुळे त्याच्या हाती जुन्या धाटणीचं, ‘सिक्स-बेलानी’ नावाचं उपकरण आलं होतं. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पारा, आणि पाऱ्याच्या डोक्यावर एक इवलीशी दर्शक-सळई. तापमान चढलं की पारा सळईला वर ढकलतो, उतरला की सळई तिथेच अडकून राहते. वाचायचं असतं सळईचं खालचं टोक, जे पाऱ्याला टेकलेलं होतं ते. नवख्या माणसाची नजर वरच्या टोकावर गेली, तर सळईच्या लांबीइतकी चूक होते, आणि ती लांबी सुमारे सात अंशांची होती. ५८ मधून सात वजा केले की उरतात ५१, आणि आसपासच्या केंद्रांवरच्या त्या दिवसाच्या नोंदींशी हा आकडा बराच जुळतो. ठाण्यातली जमीनही आसपासच्या वाळवंटासारखी नव्हती, डांबरासारख्या काळपट पृष्ठभागाची होती. समितीने १३ सप्टेंबर २०१२ रोजी, म्हणजे बरोबर नव्वदाव्या वाढदिवशी, हा विक्रम रद्द केला. मला या सगळ्या प्रकरणात त्या अनाम लष्करी कारकुनाचं फार वाटतं. दुपारच्या उन्हात त्याने नळीकडे एक नजर टाकली आणि तीन पिढ्यांच्या परीक्षांतलं उत्तर ठरवून गेला.

हवेचं तापमान मोजायचे नियम कडक आहेत. उपकरण जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत, आणि चारी बाजूंनी वारा खेळेल अशा झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत हवं. ही पेटी बेतली थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. पेटीबाहेर उन्हात धरलेला तापमापक हवेचं नव्हे, स्वतःच्याच काचेचं तापमान सांगतो. म्हणूनच इराणच्या लूत वाळवंटात उपग्रहांनी जमिनीचं तापमान ७० अंशांच्या वर मोजलं, तरी ‘सर्वांत उष्ण’ची पाटी लूतकडे जात नाही. तो पृष्ठभागाचा हिशेब, हा हवेचा.

थंडीचंही असंच. अंटार्क्टिकावरच्या व्होस्तोक या सोव्हिएत तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली आणि तो विक्रम अजून टिकून आहे. जवळपास साडेतीन हजार मीटर उंची, कोरडी विरळ हवा आणि महिनोन्‌महिने न उगवणारा सूर्य. नंतर उपग्रहांना त्याच पठारावर उणे ९८ च्या आसपासचे खळगे सापडले, पण तेही बर्फाच्या पृष्ठभागाचे. उत्तर गोलार्धात मात्र गंमत झाली. सैबेरियातली व्हर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन ही दोन गावं उणे ६७.८ च्या मानासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाटेकरी होती. २०२० मध्ये संघटनेने जाहीर केलं की ग्रीनलँडच्या हिमपठारावरच्या क्लिंक या स्वयंचलित केंद्राने २२ डिसेंबर १९९१ लाच उणे ६९.६ अंश नोंदवले होते. आकडा २८ वर्षं दप्तरात पडून होता, कुणी पाहिलाच नव्हता. व्हर्खोयान्स्कने त्याच वर्षी वेगळा हिशेब चुकता केला : २० जून २०२० ला तिथे पारा ३८ अंशांवर गेला. एकाच गावात उणे ६७.८ ते अधिक ३८. तिथल्या घराघरांत बंब आणि पंखा दोन्ही लागत असणार.

वाऱ्याच्या विक्रमाची कथा क्लिंकसारखीच. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर १९३२ पासून माणसं राहून नोंदी घेत आली आहेत. १२ एप्रिल १९३४ ला वादळ इतकं वाढलं की वायुवेगमापकावर बर्फाची पुटं चढू लागली. एक निरीक्षक लाकडी दांडका घेऊन छपरावर गेला आणि झोडपून बर्फ पाडून आला. आत दुसरा निरीक्षक थांबघड्याळ धरून उपकरणाचे टकटक आवाज मोजत होता. हिशेब निघाला ताशी ३७२ किलोमीटर. वॉशिंग्टनवाल्यांनी हा विक्रम ६० वर्षांहून अधिक काळ अभिमानाने मिरवला. मग १० एप्रिल १९९६ ला ऑलिव्हिया चक्रीवादळ पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावरून गेलं, तिथल्या एका उपकरणाने ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदवला, आणि पुढे कितीतरी वर्षं कुणी त्याकडे लक्षच दिलं नाही. आकडा इतका अचाट होता की उपकरण बिघडलं असेल असंच वाटावं. पण पुन्हा तपासणी झाली तेव्हा दिसलं, की त्या अर्ध्या तासात एकामागून एक असे अनेक प्रचंड झोत आले होते. चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीच्या भिंतीत एखादा लहान भोवरा फिरत असणार. २०१० मध्ये मान्यता मिळाली. वॉशिंग्टनच्या शिखरावर त्या दिवशी काय झालं असेल, याचा मी विचार करत असतो. अमेरिकी टोर्नेडोंत रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या पलीकडचे वेगही टिपले आहेत, पण रडार लांबून अंदाज करतं. विक्रमासाठी वाऱ्याने उपकरणाला प्रत्यक्ष गाठावं लागतं, आणि उपकरणाने ते सोसावं लागतं.

पावसाकडे वळू, तिथे आपला मामला जवळचा आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर, मधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सांताक्रूझच्या प्रत्येक चौरस मीटरवर त्या दिवशी ९४४ लिटर पाणी पडलं. समजा, १८२६ साली स्थापन झालेली कुलाबा वेधशाळाच फक्त मुंबईत असती, तर कागदोपत्री तो दिवस पावसाळ्यातला एक साधा दिवस ठरला असता. पर्जन्यमापकाचं तोंड जेमतेम वीतभर रुंदीचं. त्या वीतभर तोंडाला साऱ्या तालुक्याच्या वतीने साक्ष द्यावी लागते. गावोगावच्या पंचनाम्यांत आणि विम्याच्या भांडणांत ‘आमच्याकडे पाऊस पडला आणि मंडलाच्या नोंदीत नाही’ हे जे ऐकू येतं, त्यामागे हेच अंतर असतं.

आता चेरापुंजी. १ ऑगस्ट १८६० ते ३१ जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो विक्रम आजही उभा आहे. त्यातला ९,३०० एकट्या जुलैचा. आपल्या आंबोलीत अख्ख्या वर्षात पडतो तो सात हजारांच्या घरात. म्हणजे आंबोलीचं वर्ष चेरापुंजीच्या त्या एका महिन्यात सहज मावून वर पाणी उरलं. कारण साधं आणि भूगोलाचं आहे : बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प सिल्हेटच्या सपाट, पाणथळ मैदानावरून अडथळ्याविना येतं आणि खासी टेकड्यांच्या उभ्या भिंतीवर आदळतं. दऱ्या नरसाळ्यासारख्या अरुंद होत जातात, हवा वर चढण्यावाचून इलाज उरत नाही. त्यातही बराचसा पाऊस रात्री पडतो. आणि हेच गाव हिवाळ्यात पाण्यासाठी वणवण करतं, कारण चुनखडीचा खडक आणि उघड्या झालेल्या टेकड्या पाणी धरून ठेवत नाहीत.

सरासरीत मात्र हल्ली चेरापुंजीला शेजारच्या मावसिनरामने मागे टाकलं आहे : वर्षाला ११,८७२ मिलिमीटर. दोन्ही गावं एकाच डोंगररांगेत, हवाई अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. आकड्यांतला फरक इतका थोडा, की ‘सर्वांत ओलं गाव कोणतं’ हा प्रश्न किती वर्षांची सरासरी धरायची यावर येऊन थांबतो. चेरापुंजीकडे दीड शतकाच्या नोंदी आहेत, मावसिनरामकडे त्या मानाने थोड्या. माझं मत विचाराल तर सरासरीचं मखर मावसिनरामला द्यावं आणि बारा महिन्यांचा विक्रम चेरापुंजीकडे राहू द्यावा. भांडण्यात अर्थ नाही. एका दिवसाचा विक्रम तर दोघांकडेही नाही. तो हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, फोक-फोक इथला : ७ आणि ८ जानेवारी १९६६ च्या २४ तासांत १,८२५ मिलिमीटर. ज्वालामुखीच्या उतारावर अडकलेलं चक्रीवादळ खासी टेकड्यांनाही भारी पडतं. चेरापुंजीने १९९५ च्या जूनमध्ये दोन दिवसांत २,४९३ मिलिमीटर पाडून ४८ तासांचा विक्रम मात्र आपल्याकडे ठेवला.

कोरडेपणाच्या टोकाला चिलीतलं अरिका बंदर : ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८, सलग १७३ महिने पावसाचा थेंब नाही. आताकामाच्या आतल्या भागात याहून कोरड्या जागा असण्याचा संभव दाट आहे, पण अरिका बंदर होतं, तिथे माणसं होती, म्हणून नोंद होती.

गारांच्या विक्रमात तर फ्रीजही साक्षीदार आहे. २३ जुलै २०१० रोजी दक्षिण डकोटातल्या व्हिव्हियन गावात पडलेली गार २०.३ सेंटिमीटर व्यासाची भरली. सापडणाऱ्याने ती फ्रीजमध्ये ठेवली, पण गावातली वीज गेलेली होती. तज्ज्ञ मोजायला आले तोवर ती वितळून थोडी बारीक झाली होती, तरी विक्रम झाला. वजनात मात्र बांगलादेश पुढे : गोपालगंजची १४ एप्रिल १९८६ ची गार १.०२ किलो. आणि गारपिटीने झालेल्या मृत्यूंचा अधिकृत विक्रम आपल्याच देशातला, मुरादाबादचा : ३० एप्रिल १८८८, २४६ बळी. त्या दिवशीच्या गारा कुणी फ्रीजमध्ये ठेवल्या नव्हत्या. मोजले गेले ते माणसांचे जीव.

विजेच्या बाबतीत मोजणारा डोळा जमिनीवरून थेट अवकाशात गेला. जमिनीवरच्या अँटेनांच्या जाळ्याला शेकडो किलोमीटर पसरलेली वीज एका तुकड्यात दिसत नसे. भूस्थिर उपग्रहांवर वीज टिपणारे कॅमेरे बसल्यावर दिसू लागलं, की ढगांत एकच लखलखाट राज्यांच्या सीमा ओलांडतो. २२ ऑक्टोबर २०१७ ला पूर्व टेक्सासमधून निघालेली वीज कॅन्सस सिटीजवळ संपली : ८२९ किलोमीटर, साधारण सात सेकंदांत. मुंबई ते नागपूर सरळ रेषेतल्या अंतराहून लांब. तिची गणना २०२५ मध्ये, जुन्या विदेची पुन्हा छाननी करताना झाली. वीज पडून गेली होती, विक्रम मागाहून आला.

हे सगळं आपल्या हवामान खात्यालाही नवं नाही. पुण्यात शिवाजीनगरला ज्या इमारतीला रिक्षावाले आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथे १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटलं. देशभर बसवलेल्या स्वयंचलित केंद्रांमुळे आता आकडे मिनिटामिनिटाला येतात, आणि ते तपासून पाहणाऱ्याच्या आधी फोनवर पोचतात. नागपूरच्या ५६ ची मिजास एवढ्याचसाठी दिवसभर टिकली.

मग अल अझीझिया बाद झाल्यावर जगातली सर्वांत उष्ण जागा कोणती? कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली, फर्नेस क्रीक : १० जुलै १९१३, ५६.७ अंश. हाही आकडा आता संशयाच्या भोवऱ्यात आहे. तो लिहिला होता तिथल्या एका रँचच्या मुकादमाने. त्या आठवड्यातले त्याचे आकडे आसपासच्या केंद्रांच्या तुलनेत फार चढे दिसतात. अमेरिकी हवामान-इतिहासकार क्रिस्तोफर बर्ट यांनी वर्षानुवर्षं हा मुद्दा लावून धरला आहे. गंमत म्हणजे त्याच ठिकाणी, त्याच १९१३ च्या जानेवारीत, डेथ व्हॅलीची किमान तापमानाचीही नोंद झाली : उणे ९.४ अंश. ५६.७ अधिकृत यादीत आहे. तो गेला, तर पुढचे दावेदारही तिथलेच : १६ ऑगस्ट २०२० आणि ९ जुलै २०२१, दोन्ही वेळा ५४.४. त्यांच्या अर्धा अंश मागे कुवेतमधलं मित्रिबाह उभं आहे, २१ जुलै २०१६ च्या आकड्याने. तिथलं उपकरण प्रयोगशाळेत तपासलं गेलं, आणि मूळ ५४ अंशांतला एक दशांश कापून समितीने ५३.९ मान्य केले. एक दशांशावर एवढी चर्चा. १९१३ च्या मुकादमाच्या तापमापकाला मात्र कुणी प्रयोगशाळेत नेलं नव्हतं.